ट्यूब द्वारकाताईंनी बदलली नव्हती

द्वारकाताईंचे हात बारा महिने गार असायचे. मे महिन्यात लॅबमधला पंखा गरम वारा फेकत असायचा, बाकावरच्या बायका ओढणीने वारा घेत असायच्या आणि त्यांच्यातली एखादी मध्येच दचकून हात मागे घ्यायची. "अहो ताई, बर्फातून आलात का?" द्वारकाताई दोन्ही हात काखेत धरून मिनिटभर ऊब आणायच्या आणि पुन्हा तिच्या कोपराच्या खळगीत दोन बोटं ठेवायच्या. डोळे अर्धे मिटलेले. बोटं काहीतरी ऐकत असल्यासारखी थांबायची. मग सुई, एकदाच. त्यांनी कुणाला दुसऱ्यांदा टोचलेलं मी अठरा वर्षांत पाहिलं नाही.

डोंबिवली पूर्वेला माझी रक्त-लघवी तपासायची लॅब होती. नऊ वर्षांपूर्वी तिथे एक चूक झाली आणि ती द्वारकाताईंच्या नावावर लागली. तसं पत्र माझ्याच सहीने निघालं. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्यांच्याकडे संशयाने पाहणार नाही.

द्वारकाताई ठाण्याच्या, कोपरीतल्या कोळी घरातल्या. नवरा लग्नानंतर चारच वर्षांत गेला, मूल नव्हतं. एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या आणि तिथल्या सिस्टरकडे बघून बघून रक्त घ्यायला शिकल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा चाळिशी उलटली होती. अंगाने काटक, बोलणं कमी, पायात आवाज न करणाऱ्या रबरी चपला. आपण मान खाली घालून लिहीत असावं आणि वर बघावं तर त्या समोर उभ्या. किती वेळ उभ्या आहेत ते कळायचं नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, "सर, ताईंना घुंगरू बांधा, नाहीतर माझा एक दिवस जीव जाईल."

सकाळी त्या कल्याण-डोंबिवलीत घरोघरी जाऊन रक्त घ्यायच्या आणि दहानंतर लॅबमध्ये बसायच्या. लॅबच्या वरच्याच मजल्यावर एका डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं, त्यामुळे आमच्याकडे गरोदर बायकांची गर्दी. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड. दिवस गेले की शरीरातले रस इकडचे तिकडे होतात, आणि एखादीचं बिघडलेलं बाहेरून अजिबात दिसत नाही. थकवा, सूज, झोप, घाबरं होणं, यातलं काहीही सांगितलं तरी घरात उत्तर एकच, "दिवसच आहेत तसे." म्हणून रक्त बघायचं, आणि एकदा बघून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघायचं.

द्वारकाताईंना नावं आणि चेहरे लक्षात राहत नसत. रोजची बाईसुद्धा समोर आली तर कोऱ्या नजरेने बघायच्या. पण तिचा हात हातात आला की म्हणायच्या, "तू गो? मागल्या वेळी डाव्या हातातनं दिलं होतंस." त्यांच्याकडे एक अरुंद वही होती. तिच्यात नावं नव्हती, कोपरं होती. प्रत्येक बाईचं एक कोपर, पेन्सिलने काढलेलं. तिळाला ठिपका, शिरेला रेघ, आत सरकणारी शीर असेल तर रेघेला आकडी. पानंच्या पानं नुसते हात, माणसं नाहीत. मी पहिल्यांदा ती वही उघडली तेव्हा पटकन मिटली. का ते सांगता येणार नाही.

"नाव तरी लिहा बाजूला," मी म्हटलं.

"नावाचं काय, सर. बाईचं नाव सासरचं असतं. शीर माहेरची ऱ्हाते."

आणखी एक खोड होती. रक्त घेतल्यावर ट्यूब स्टँडमध्ये ठेवायच्या आधी त्या ती मुठीत धरून उभ्या राहायच्या. कधी गालाला लावायच्या. मी रागावलो की ठेवायच्या, पण तोपर्यंत त्यांचं काय ते झालेलं असायचं. एकदा उल्हासनगरची एक मुलगी आली होती, चौथा महिना. ट्यूब मुठीत धरून त्या मला हळूच म्हणाल्या, "ही आतून पळते." संध्याकाळी अहवाल आला तर थायरॉईड भलताच वाढलेला. मी त्यांना विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, "तळवा वला होता, नाडी उड्या मारत होती." म्हणजे कारण साधं होतं. मग ट्यूब गालाला का लावली, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. वहीत काही कोपरांच्या खाली त्या सकाळीच एक फुली मारायच्या. एक महिना मी गुपचूप फुल्या आणि अहवाल ताडून बघितले. मग ते बघणं सोडून दिलं. यंत्रावर विश्वास ठेवून मला लॅब चालवायची होती.

त्या गूढ होत्या असं नाही. जीभ चांगली तिखट होती. साखरेच्या चाचणीला ग्लुकोजचं पाणी पाजून बाईला दोन तास बसवून ठेवावं लागतं. एक सासूबाई वैतागल्या होत्या. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं. आठ बाळंतपणं झाली माझी, एक सुई नाही टोचली."

द्वारकाताई कापूस फाडत होत्या. "आठ?"

"आठ."

"जगली किती, आई?"

"पाच."

"त्या तिघांना काय झालं ते कुणी विचारलं नाय ना? म्हणून ही बसली हाय. बसू दे तिला."

त्या सासूबाई उरलेला दीड तास सुनेचा हात धरून बसल्या.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एक नवी सून आली, नाव अनघा. तिसरा महिना, बरोबर सासू. वरच्या डॉक्टरबाईंच्या फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं. आमच्या संगणकात तिची कसलीच नोंद नव्हती. त्याच सकाळी आमच्या नेहमीच्या एक शिक्षिकाबाई आल्या होत्या, त्याही गरोदर. त्यांना थायरॉईड कमी असल्याचं आधीपासून माहीत होतं, गोळ्या चालू होत्या, आणि दर चार-सहा आठवड्यांनी त्या रक्त देऊन जायच्या. दोघींचं रक्त द्वारकाताईंनी घेतलं, एकीपाठोपाठ एक.

संध्याकाळी यंत्राने आकडे दिले. शिक्षिकाबाईंचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की चढणारा आकडा, अगदी हवा तेवढा. नव्या सुनेचा दहापट. टीएसएच इतका वर म्हणजे गळ्यातली ग्रंथी जवळपास बसलेली. आणि पहिले काही महिने बाळ तर आईच्याच थायरॉईडवर जगत असतं.

मी काय विचार केला ते सरळ सांगतो. जिला आजार आहे तिचा आकडा चांगला, जिला काहीच नाही तिचा वाईट. म्हणजे ट्यूबांची अदलाबदल झाली. अशा वेळी नियम एकच, दोघींना पुन्हा बोलवायचं आणि रक्त पुन्हा घ्यायचं. हा नियम मी दुसऱ्यांना शिकवत असे. पण वरून अहवालाची घाई चालली होती. पुन्हा रक्त मागायचं तर डॉक्टरबाईंना सांगावं लागणार, आणि महिन्यापूर्वीच एका अहवालावरून मी त्यांची बोलणी खाल्ली होती. मी दोन आकडे हाताने बदलले. हिचा तिला, तिचा हिला.

द्वारकाताई मागे उभ्या होत्या. नेहमीसारखं, कधी आल्या ते कळलं नव्हतं.

"सर, मी ट्यूब बदलली नाय."

"मग हा आकडा हिचा कसा येईल? हिला काहीही नाही."

"हाय. नाव जुन्या रजिस्टरात बघून आले, ती मनाली. कल्याणची. लग्नाआधी तिचं रक्त मी दोनदा घेतलंय, तिच्या आईच्या घरी. गळ्याची गोळी चालू होती तिला."

"इथे अनघा लिहिलंय."

"लग्नात बदललं असंल नाव. शीर तीच हाय, कोपराशी दुभंगलेली."

"मग तिथेच का नाही विचारलंत तिला?"

त्यांनी पहिल्यांदाच खाली बघितलं. "सासू मांडीला मांडी लावून बसली होती. पोरीनं माझ्याकडं बघितलं. तसं कुणी बघितलं की विचारवत नाय, सर."

आमच्याकडे हे नवीन नव्हतं. मुलीला काही दुखणं आहे म्हटलं की स्थळं परततात. म्हणून आईवडील गोळ्यांची बाटली माहेरीच ठेवून मुलीला बोहल्यावर उभी करतात. सासरी पहाटे उठून उपाशीपोटी गोळी घ्यायची, तर ती लपवायची कुठे? मुलगी गोळी सोडते. आणि मुंडावळ्या सुटेपर्यंत तिचं नाव, आडनाव, पत्ता, सगळंच बदललेलं असतं. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती आदल्या दिवशी जन्मलेली असते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "द्वारकाताई, लॅब शिरांवर चालत नाही." आणि अहवालावर सही केली.

नव्या सुनेचा अहवाल चांगला गेला, म्हणून तिचं थायरॉईड पुन्हा तपासायचं कारणच उरलं नाही.

सहा आठवड्यांनी शिक्षिकाबाई आल्या त्या थरथरत. छातीत धडधड, झोप नाही. माझ्या चुकीच्या आकड्यावरून त्यांची गोळी वाढवली गेली होती. या वेळचा त्यांचा आकडा तळाला गेला होता, म्हणजे गोळी वाढवायची गरजच नव्हती. द्वारकाताई खरं बोलत होत्या. मागच्या खोलीतल्या कपाटातून मी जुनं रजिस्टर काढलं, ज्यात घरोघरच्या नोंदी हाताने लिहिलेल्या असत. मनालीचं पान शोधावं लागलं नाही. रजिस्टर आपोआप तिथेच उघडलं. त्या पानात गॉजची पट्टी खुणेला घातलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. ती तिथे सहा आठवडे होती. मी बघावं म्हणून ठेवलेली. खूण घातल्याचं त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मी एकदाही उघडलं नव्हतं.

शिक्षिकाबाईंची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी कमी केली. त्यांचं सगळं नीट झालं. अनघाला तेव्हा पाचवा महिना लागायचा होता. वरच्या मजल्यावर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "बाई, तिचं रक्त पुन्हा बघू या." अठरा पायऱ्या होत्या. मी रोज ठरवायचो. आपलं नाव जाईल, म्हणून रोज उद्यावर टाकायचो. आकडे बदलले ती चूक एका संध्याकाळची. गप्प बसलो ते दहा आठवडे.

सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं.

त्यामुळेच गेलं असं डॉक्टरबाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मते तसं ठामपणे सांगता येत नव्हतं. पण नंतर त्यांनी तिचं रक्त दुसरीकडे तपासलं आणि खाली येऊन मला विचारलं, "तुमचा अहवाल नॉर्मल कसा?"

त्या वेळी माझ्या केबिनमध्ये डॉक्टरबाई होत्या, अनघाचा नवरा होता, सासरे होते. मी द्वारकाताईंना आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "लेबल लावताना यांच्याकडून अदलाबदल झाली."

मला वाटलं होतं त्या भांडतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या सासऱ्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य हेच आलं असतं की तुमच्या सुनेला लग्नाआधीपासून हा आजार आहे. नुकतंच मूल गेलेली ती पोर वर झोपली होती. द्वारकाताईंनी अंगातला निळा कोट काढला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. पावलांचा आवाज आला नाहीच. मी मग रीतसर पत्र लिहिलं. त्या पत्रानंतर डोंबिवलीत कुणी त्यांना सुई हातात धरू दिली नाही.

यानंतरचं मला अजून नीट समजलेलं नाही.

त्यांच्या जागी आलेली मुलगी महिन्याभरात म्हणाली, "सर, त्या आधीच्या ताई माझ्या आधी जाऊन येतात." फक्त गरोदर बायकांच्या घरी. मला वाटलं, त्या माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या लॅबला पळवताहेत. म्हणून एका सकाळी मी स्वतः डोंबिवली पश्चिमेच्या एका घरी गेलो. दार एका तरुण बाईने उघडलं. तिसरा महिना.

"हो, आल्या होत्या ना. गार हाताच्या."

"रक्त घेतलं त्यांनी?"

"छे. काहीच नाही घेतलं. सासूबाईंना म्हणाल्या, आई, जरा पाणी द्याल? त्या आत गेल्यावर माझा हात धरून बसल्या. विचारलं, 'बाय, आधीचं नाव काय? सांगायचं राह्यलंय असं काय हाय का?'"

"आणि?"

तिने मागे स्वयंपाकघराकडे बघितलं. "ते मी डॉक्टरांना सांगितलंय," ती म्हणाली.

मी विचारलं, "पण त्यांना तुमचा पत्ता कुणी दिला?"

"तुम्हीच दिला असेल ना? पण एक आहे, त्या पहिल्यांदा आल्या ना, तेव्हा मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणीसाठी तुम्हाला फोनही केला नव्हता."

मी जिना उतरलो. पुढे दोन वर्षं असंच चाललं. आमची यादी तयार व्हायच्या आत त्या त्या घरी जाऊन आलेल्या असायच्या. यादी कुठून फुटते ते मी शोधलं, सापडलं नाही. नंतर मी लॅब विकली. विकताना ते रजिस्टर आणि यंत्राची त्या दिवसाची छापील पट्टी तेवढी घरी आणली.

गेल्या हिवाळ्यात समजलं, द्वारकाताई खडवलीला बहिणीच्या मुलीकडे असतात. रजिस्टर आणि पट्टी पिशवीत घालून दुपारी गेलो. त्या ओसरीवर पावटे सोलत होत्या. केस पूर्ण पांढरे, बाकी तशाच. माझ्याकडे कोऱ्या नजरेने बघितलं. मी नाव सांगितलं. "बसा," म्हणाल्या.

मी सगळं बोललो. पट्टी पुढे केली, पान उघडून दाखवलं. त्या सोलत राहिल्या.

"मना ठावं हाय की सगळं. मना कशाला सांगताय? त्या पोरीला दाखवलंत?"

"नाही."

"मग हे खडवलीला कशाला आणलंत?"

मी पट्टी घडी करून रजिस्टरात ठेवली. मग त्यांनीच सांगितलं. अनघाकडे त्यांचं जाणं-येणं होतं. दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, गोळ्या घेतल्या, दर महिन्याला रक्त दाखवलं. मुलगी झाली, आता शाळेत जाते. सासू वारली. लपवायचं काही उरलेलं नाही.

"पण पोरगी सुखानं झोपत नाय," द्वारकाताई म्हणाल्या. "त्या पहिल्या टेस्टच्या आधी घाबरून दोन दिवस तिनं माहेरच्या जुन्या गोळ्या खाल्ल्या होत्या. तिला वाटतं, त्यानंच रिपोर्ट चांगला आला. म्हणजे पोर तिनंच घालवलं. ट्यूब मी बदलली नाय एवढं तिला सांगितलंय मी. कुणी काय बदललं ते नाय सांगितलं."

दोन दिवसांच्या गोळ्यांनी टीएसएच खाली येत नाही. त्याला आठवडे लागतात. लॅबमध्ये नुकता लागलेला माणूसही हे सांगू शकतो. ती मुलगी नऊ वर्षं जे स्वतःला टोचत होती ते काढायला माझं एक वाक्य पुरलं असतं. आणि ते वाक्य बोलायचं तर त्याच्या मागोमाग दुसरंही बोलावं लागणार होतं.

द्वारकाताईंनी मांडीवरची सालं झटकली, आत जाऊन लुगडं बदललं आणि चपला घातल्या. "चला," म्हणाल्या.

शीळफाट्याच्या पुढे नव्या उंच इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर ती राहते. लिफ्टमध्ये मी विचारलं, "तिला माहीत आहे मी येतोय ते?" त्या म्हणाल्या, "मी तरी कुठं सांगितलंय?"

सातव्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली आणि मला दारासमोर उभं केलं. त्या वेळी माझ्या मनगटाला त्यांची बोटं लागली. मी पिशवीतून रजिस्टर काढत होतो, वळून बघतो तर त्या जिन्याकडे निघाल्या होत्या.

"द्वारकाताई, तुम्ही?"

"माझं झालं," त्या म्हणाल्या. मागे बघितलं नाही.

आत मी जे बोललो आणि तिने जे ऐकवलं ते तिचं आहे, ते इथे लिहिणार नाही. द्वारकाताईंचं जे होतं ते लिहिलं.

त्या इमारतीच्या जिन्यात भर दुपारीही अंधार असतो. माणूस मजल्यावर आलं की दिवा आपोआप लागतो, गेलं की विझतो. तिने दार उघडेपर्यंत मी कठड्यावरून खाली बघत होतो. सहाव्या मजल्यावर उजेड पडला, त्यात त्यांचे पांढरे केस दिसले, मग अंधार. पाचव्यावर उजेड, एक हात कठड्यावर, मग अंधार. पावलांचा आवाज नव्हता, नुसते दिवे लागत आणि विझत खाली चालले होते. चौथ्या मजल्यावरचा विझला आणि माझ्या पाठीमागे दाराचं लॅच फिरलं.